‘हिअरबाय’खाली सही करण्याआधी

माझ्या पहिल्या राजीनाम्यात मी एक इंग्रजी शब्द अर्थ न समजताच लिहिला होता. दुसऱ्या कंपनीकडून बोलावणं आलं होतं, पण तिथे रुजू व्हायला दोन महिने अवकाश होता. साहेबांना आधी कल्पना द्यायची आणि मग रीतसर एक महिन्याची नोटीस द्यायची, असा माझा बेत होता. इंटरनेटवरून एक नमुना उचलला, नाव-तारीख भरली आणि मेल पाठवून दिला. पहिलंच वाक्य होतं: ‘आय हिअरबाय रिझाइन फ्रॉम माय पोस्ट विथ इमीजिएट इफेक्ट.’ मला वाटलं, ‘हिअरबाय’ म्हणजे आपल्या ‘सविनय’सारखं काहीतरी असणार, पत्राला वजन यावं म्हणून घालतात. संध्याकाळी उत्तर आलं की राजीनामा मंजूर. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून मी घरी होते. पुढचे दोन महिने पगार नव्हता.

त्यानंतरची बरीच वर्षं मी ऑफिसच्या प्रशासन विभागात काढली. करार, हमीपत्रं, ठराव, मुखत्यारपत्रं रोज हाताखालून जातात. नात्यातली, शेजारपाजारची माणसंही कागद घेऊन येतात आणि बहुतेकांचं बोट याच शब्दापाशी अडतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी वाचता येणाऱ्या पण कायद्याच्या इंग्रजीला बिचकणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मी वकील नाही. घराचा, जमिनीचा, वारशाचा कागद असेल तर वकिलाला दाखवाच, पण आपण कशाखाली सही करतोय हे कळून दाखवा.

सुरुवातीला जवळ काय ठेवावं

- मूळ कागद पूर्ण, सगळ्या जोडपत्रांसकट. ‘शेवटच्या पानावर फक्त सही करा’ असं म्हणून एकच पान दिलं तर बाकीची मागून घ्या.
- पेन्सिल. कागदात जिथे जिथे ‘हिअरबाय’ दिसेल तिथे त्याच्या लगेच पुढच्या क्रियापदाखाली रेघ मारायची आहे.
- भाषा संचालनालयाचे ‘शासन व्यवहार कोश’ आणि ‘न्यायव्यवहार कोश’. दोन्ही इंटरनेटवर मोफत पाहता येतात. साध्या इंग्रजी-मराठी कोशात कार्यालयीन अर्थ बहुधा सापडत नाहीत.
- ओळखपत्र. नावाचं स्पेलिंग कागदावरच्या नावाशी अक्षरशः जुळवून पाहा.
- मालमत्तेचा विषय असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि आधीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती.

## १. आधी अर्थ पक्का करा

‘हिअर’ म्हणजे इथे, ‘बाय’ म्हणजे ‘-ने’ किंवा ‘-द्वारे’. जोडून अर्थ होतो ‘याने’, ‘याद्वारे’. कशाने? हातातल्या याच कागदाने, याच वाक्याने. ‘निअरबाय’शी, म्हणजे ‘जवळपास’शी, त्याची गल्लत करू नका.

हा शब्द मराठीत तुम्ही शाळेत असंख्य वेळा म्हटलेला आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरची संविधानाची उद्देशिका आठवा: ‘...याद्वारे हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत.’ त्या ‘याद्वारे’च्या जागी इंग्रजी उद्देशिकेत ‘हिअरबाय’ आहे. हे वाक्य कुठेतरी घडून गेलेल्या गोष्टीची बातमी देत नाही. संविधान स्वीकारण्याची क्रिया त्या वाक्यातच घडते. वाक्य काढून टाका, मग स्वीकारणंही उरत नाही.

आपल्या जुन्या दस्तांत तर हे काम ‘याद्वारे’ या शब्दाशिवायही चोख होत असे. आजोबांच्या ट्रंकेत एक खरेदीखत होतं. वरती ‘लिहून घेणार’ अमुक, ‘लिहून देणार’ तमुक, मग ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’, आणि शेवटी ‘सबब हे खरेदीखत राजीखुषीने लिहून दिले असे’. ‘लिहून देणार’ हा शब्द मला फार आवडतो. देणं आणि लिहिणं वेगळं नाहीच, लिहिलं की दिलं. ‘हिअरबाय’चं इतकं नेमकं भाषांतर मला कुठल्या कोशात मिळालं नाही.

जे. एल. ऑस्टिन नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात याच विषयावर व्याख्यानं दिली होती. काही वाक्यं माहिती सांगतात आणि काही वाक्यं काम करतात, अशी त्यांच्या विवेचनाची सुरुवात होती. काम करणारं वाक्य ओळखायची एक उपयोगी खूण म्हणून त्यांनी ‘हिअरबाय’कडे बोट दाखवलं. राजीनाम्याच्या आधी मला हे कुणी सांगितलं असतं तर!

## २. वाक्याची परीक्षा घ्या

मराठीत एक सोपी कसोटी आहे. क्रियापदाच्या आधी ‘या वाक्यानेच’ घालून पाहा.

‘मी या वाक्यानेच राजीनामा देते.’ जमलं. ‘मी या वाक्यानेच माझ्या भावाला मुखत्यार नेमते.’ जमलं. ‘मी या वाक्यानेच पुण्यात राहते.’ नाही जमलं, कारण राहणं वाक्याने होत नाही. म्हणून डिक्लेअर, अपॉइंट, ऑथराइझ, कन्सेंट, असाइन, रिलीज, रिव्होक, सर्टिफाय, रिझाइन अशा क्रियापदांशी ‘हिअरबाय’ जुळतो. थिंक, होप, नो, लिव्ह, वर्क यांच्याशी जुळत नाही. ‘आय हिअरबाय होप’ असं लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. आशा काही कागदाने निर्माण होत नाही.

दुसरी गोष्ट काळाची, आणि इथे आपण मराठी माणसं हमखास चुकतो. इंग्रजीत याच्याबरोबर साधा वर्तमानकाळ येतो: ‘आय हिअरबाय डिक्लेअर’. ‘आय ॲम हिअरबाय डिक्लेअरिंग’ असं लिहीत नाहीत. आपण ते लिहितो, कारण अशा ठिकाणी मराठी ‘करीत आहे’ म्हणते. उद्देशिकाच पाहा ना, मराठीत ‘अर्पण करीत आहोत’, आणि इंग्रजीत साधं ‘गिव्ह’. शासन निर्णयांतही ‘मान्यता देण्यात येत आहे’ असंच असतं. मराठी वाक्य मनात तयार करून ते शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं की ‘ॲम’ आणि ‘इंग’ आपोआप चिकटतात. भूतकाळही चालत नाही. ‘आय हिअरबाय डिक्लेअर्ड’ म्हणजे ‘या वाक्याने मी काल जाहीर केलं’, ज्याला काही अर्थ नाही.

जागा ठरलेली आहे: कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये. कर्मणी वाक्यात ‘इज’ किंवा ‘आर’च्या लगेच नंतर, जसं ‘परमिशन इज हिअरबाय ग्रँटेड’. ‘आय डू हिअरबाय’मधला ‘डू’ जुन्या वळणाचा आहे. त्याने जोर येतो, अर्थ बदलत नाही. सोसायटीच्या किंवा कंपनीच्या ठरावात ‘बी अँड इज हिअरबाय ऑथराइझ्ड’ असं जोडवाक्य दिसतं. त्यातलं ‘बी’ म्हणजे ‘अधिकार देण्यात यावा’ आणि ‘इज हिअरबाय’ म्हणजे ‘देण्यात येत आहे’. सूचना आणि मंजुरी एका दमात.

एक सावधगिरी. ‘हिअरबाय’ नसला म्हणजे वाक्य निरुपद्रवी, असं समजू नका. संविधानाचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, त्या वाक्यात हा शब्द कुठेही नाही. तरी त्या वाक्याने केवढं काम केलं! तुमच्या मेलमध्ये नुसतं ‘आय रिझाइन’ असलं तरी तो राजीनामाच.

## ३. ‘करते’ आणि ‘करीन’ यांतला फरक पेन्सिलीने मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. कागदावर दोन वाक्यं जवळजवळ सारखी दिसतात आणि त्यांच्यात आयुष्यभराचं अंतर असतं.

घराचं उदाहरण घेऊ. एका कागदात लिहिलेलं असतं, ‘द व्हेंडर हिअरबाय अॅग्रीज टू सेल’. दुसऱ्यात, ‘द व्हेंडर हिअरबाय सेल्स’. दोन्हीकडे ‘हिअरबाय’ आहे, पण पहिल्यात तो ‘अॅग्रीज’ला चिकटला आहे. म्हणजे या कागदाने आज काय झालं? फक्त कबुली झाली. विक्री पुढे व्हायची आहे. आपल्याकडे याला साठेखत म्हणतात. दुसरं ते खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ स्पष्ट सांगतं की विक्रीचा करार झाला एवढ्याने त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा जुडगा करून घर ‘विकण्याची’ जी पद्धत पडली होती, तिने मालकी मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निक्षून सांगितलं. म्हणून क्रियापदाखाली रेघ मारायला सांगते. ‘हिअरबाय’ दिसला म्हणून हुरळायचं नाही, तो कुणाचा हात धरून उभा आहे ते पाहायचं.

पुण्या-मुंबईत, हिंजवडीत, बंगळुरात किंवा अमेरिकेत आयटीत आणि संशोधनात काम करणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण तर फारच जवळचं आहे. १९८८ मध्ये एक संशोधक स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाला. विद्यापीठाच्या कागदावर त्याने सही केली: माझ्या शोधांचे हक्क विद्यापीठाला देण्याचं मी मान्य करतो, ‘अॅग्री टू असाइन’. पुढे एक तंत्र शिकण्यासाठी तो सीटस नावाच्या कंपनीत जाऊ लागला. पीसीआर ही आता कोविडमुळे सगळ्यांना ठाऊक झालेली पद्धत याच कंपनीत जन्मली. तिथे आत जायचं तर पाहुण्यांसाठीच्या एका कागदावर सही करावी लागे. त्यातले शब्द होते ‘विल असाइन अँड डू हिअरबाय असाइन’, म्हणजे हक्क देईन आणि या कागदानेच देतो. त्याच्या कामातून रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याची पद्धत पुढे आली, विद्यापीठाने पेटंटं घेतली, आणि सीटसचा पीसीआरचा व्यवसाय विकत घेतलेल्या रॉश कंपनीशी वाद उभा राहिला.

अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने दोन्ही कागद समोर ठेवून वाचले. विद्यापीठाचा कागद हे पुढे देण्याचं वचन होतं, कंपनीच्या कागदाने दिलं होतं. संशोधकाचे हक्क त्यामुळे कंपनीकडे गेलेले होते. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा कायदा आपल्या बाजूने आहे, असं विद्यापीठ म्हणत राहिलं, पण २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल विद्यापीठाच्या विरुद्धच दिला.

तुमच्या नेमणुकीच्या कागदांत ‘इन्टलेक्चुअल प्रॉपर्टी’ असं कलम असतं, ते काढून वाचा. ‘हिअरबाय असाइन्स’ असेल तर नोकरीत असताना केलेल्या कोणत्या कामाला ते लागू आहे, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपवर केलेल्या कामालाही लागू आहे का, हे सही करण्याआधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. विचारण्याने कुणी नोकरी काढून घेत नाही.

## ४. शब्दाबरोबर रीतही पाळली गेली का ते बघा

आता उलट बाजू. काही कामं नुसत्या ‘हिअरबाय’ने होतच नाहीत. कायद्याने त्यांची रीत ठरवली आहे आणि ती चुकली तर शब्द कितीही भारदस्त असला तरी कागद लुळा पडतो.

बक्षीसपत्र: ‘आय हिअरबाय गिफ्ट माय फ्लॅट’ असं लिहून मुलीच्या हातात कागद दिला, तरी फ्लॅट तिचा होत नाही. स्थावराच्या बक्षिसासाठी दात्याच्या सहीचा, किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला नोंदणीकृत दस्त लागतो आणि दात्याच्या हयातीत तिने ते स्वीकारावं लागतं.

मृत्युपत्र: पहिल्या परिच्छेदात बहुधा ‘आय हिअरबाय रिव्होक ऑल माय फॉर्मर विल्स’ असतं, म्हणजे आधीची सगळी मृत्युपत्रं याद्वारे रद्द. हे योग्य आहे. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे आधीचं मृत्युपत्र लेखी रद्द करायचं तर तो कागदही मृत्युपत्राच्याच रीतीने, दोन साक्षीदारांसह व्हावा लागतो. वहीच्या पानावर एकट्याने लिहिलेलं ‘हिअरबाय रिव्होक’ पुरत नाही. (कागद फाडून किंवा जाळून रद्द करणं हा वेगळा मार्ग, तोही रद्द करण्याच्याच हेतूने केलेला असला पाहिजे.) आणखी एक. मृत्युपत्रात मालमत्तेच्या वाक्यात ‘हिअरबाय ट्रान्सफर’ लिहू नका. मृत्युपत्र बोलतं ते माणूस गेल्यावर. ‘माझ्या पश्चात’ हेच शब्द तिथे बरोबर, नाहीतर आजच देऊन टाकलं की काय असा घोळ होतो.

प्रतिज्ञापत्र: ‘डू हिअरबाय सॉलेम्नली अफर्म’ हे घरी टाइप केलं की शपथ झाली, असं अनेकांना वाटतं. शपथ होते ती नोटरी, शपथ आयुक्त किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यासमोर. त्यांच्यासमोरच सही करा, घरून सही करून नेऊ नका. नेला तर कागद बहुधा पुन्हा करावा लागतो आणि एक फेरी वाया जाते.

आणि अधिकार. ‘यू आर हिअरबाय टर्मिनेटेड’ असं लिहिणाऱ्याला तसं करायचा अधिकार असला पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका भाडेकरू मुलीला सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याने घर रिकामं करायला सांगणारं पत्र दिलं, तीन ओळींत दोनदा ‘हिअरबाय’. ती रात्रभर झोपली नाही. घर सोसायटीचं नव्हतं, मालकाचं होतं, भाडेकरार मालकाशी होता. त्या पत्राने तिचा करार संपत नव्हता. असं पत्र हाती आलं तर घाबरण्याआधी तळाची सही कुणाची, कोणत्या पदाने आणि कोणत्या ठरावाच्या आधारे, एवढं वाचा.

## ५. घोषणापत्रावर सही करताना थांबा

आपल्या राज्यात दाखल्यांच्या अर्जांना जोडायचं स्वयंघोषणापत्र प्रत्येकाने कधी ना कधी भरलेलं असतं: ‘याद्वारे घोषित करतो/करते की, वरील सर्व माहिती माझ्या व्यक्तिगत माहिती व समजुतीनुसार खरी आहे.’ खालीच लिहिलेलं असतं की माहिती खोटी आढळल्यास खटला भरला जाईल. जुन्या छापील नमुन्यांत तिथे भारतीय दंड संहितेचं नाव आहे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण जबाबदारी तीच.

‘वरील सर्व’ हे दोन शब्द महत्त्वाचे. सेतू केंद्रात किंवा ऑनलाइन अर्ज भरताना दुसऱ्याच कुणीतरी माहिती टाइप केलेली असते, आणि ‘याद्वारे’ खाली सही तुमची. उत्पन्नाचा आकडा, पत्ता, जन्मतारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कोरी जागा राहिली असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारा. ‘माहिती व समजुतीनुसार’ या शब्दांनी प्रामाणिक चूक सांभाळली जाते. न वाचताच सही केली तर त्याला समजूत कशी म्हणणार?

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी याहून मोठा ‘हिअरबाय’ अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथेत आहे. समारंभात सगळे उभे राहून हात वर करतात आणि ‘आय हिअरबाय डिक्लेअर, ऑन ओथ’ अशी सुरुवात होते. आजवर ज्या देशाचे नागरिक होतो त्याच्याशी असलेली सर्व निष्ठा पूर्णपणे सोडतो, असं पुढे म्हटलेलं आहे. आपल्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरायचा नसतो, तो रीतसर जमा करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. माझी आतेबहीण त्या समारंभाहून परतल्यावर फोनवर बराच वेळ गप्प होती. त्या वाक्याने आपण काय केलं हे तिला नीट कळलं होतं, म्हणूनच.

## ६. स्वतः लिहिताना

रोजच्या पत्रव्यवहारात हा शब्द शक्यतो घालूच नका. ‘आय हिअरबाय अटॅच माय रिझ्यूमे’ ऐवजी ‘आय हॅव अटॅच्ड’ पुरेसं आहे. रजेच्या अर्जात, चौकशीत, आभाराच्या पत्रात त्याला काम नाही. खरोखर काही कृती करायची असेल, म्हणजे अधिकार द्यायचा, संमती द्यायची, दावा सोडायचा, जाहीर करायचं, तेव्हाच लिहा, आणि एका कृतीला एकदाच.

त्याच्या भाऊबंदांशी गल्लत होते, म्हणून ओळखून ठेवा. ‘हिअरविथ’ म्हणजे ‘यासोबत’, जोडलेल्या कागदांसाठी. ‘हिअरइन’ म्हणजे ‘यात’. ‘हिअरइनआफ्टर’ म्हणजे ‘यापुढे’, जसं ‘यापुढे ज्यांचा उल्लेख भाडेकरू असा केला आहे’. ‘देअरबाय’ म्हणजे ‘त्यामुळे’, आधी सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम. ‘व्हेअरबाय’ म्हणजे ‘ज्यायोगे’.

संमतीचं एक बरं वाक्य देते: ‘आय हिअरबाय ऑथराइझ माय ब्रदर’, पुढे भावाचं पूर्ण नाव, ‘टू कलेक्ट माय ओरिजिनल मार्कशीट ऑन माय बिहाफ’. अधिकार कुणाला, कशासाठी, एवढंच. ‘टू डू ऑल अॅक्ट्स’ असं मोकळं सोडू नका. मार्कशीट आणायला पाठवलेल्या माणसाला सगळ्या कामांचा अधिकार कशाला?

महाराष्ट्रातल्या शासकीय कार्यालयात अर्ज असेल तर मराठीतच लिहा. ‘याद्वारे अधिकार देत आहे’ हे तितकंच पक्कं आहे आणि तुम्हाला कळतं.

## ७. ‘आजपासून’ की ‘अमुक तारखेपासून’ ते लिहा

‘हिअरबाय’ने क्रिया सहीच्या क्षणी घडते, पण तिचा अंमल कधी सुरू व्हावा हे वेगळं ठरवता येतं. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला ‘याद्वारे’ स्वीकारलं गेलं. नागरिकत्व, निवडणूक आयोग अशा विषयांवरची मोजकी कलमं लगेच लागू झाली, बाकीचं संविधान २६ जानेवारी १९५० पासून. म्हणून तर आपल्याला संविधान दिन आणि प्रजासत्ताक दिन असे दोन दिवस आहेत.

माझ्या राजीनाम्यात हीच चूक होती. ‘इमीजिएट इफेक्ट’ने मी अंमलही त्याच दिवसापासून मागितला. पुढची तारीख घातली असती तर मागे फिरायलाही जागा उरली असती. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मे १९७७ मध्ये राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला आणि तो १ ऑगस्टपासून अमलात येईल असं लिहिलं. जुलैमध्ये त्यांनी तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला की अमलाची तारीख येण्याआधी असा राजीनामा मागे घेता येतो. खासगी नोकरीत तुमच्या करारातल्या अटी बघाव्या लागतील, पण तारीख लिहिण्याची सवय सगळीकडे उपयोगी. ‘माझा शेवटचा कामाचा दिवस अमुक असेल’ हे वाक्य राजीनाम्यात आलंच पाहिजे. आणि नुसती कल्पनाच द्यायची असेल तर लिहू नका, साहेबांना भेटून बोला.

## ८. दिलेला अधिकार काढून घेताना

हे काम अर्धवट सोडणारे मी सर्वांत जास्त पाहिले. परदेशी जाताना भावाला किंवा मित्राला कुलमुखत्यारपत्र दिलेलं असतं, परत आल्यावर ते रद्द करायचं असतं. ‘आय हिअरबाय रिव्होक’ असं लिहून, सही करून कागद कपाटात ठेवतात आणि काम झालं असं समजतात.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २०८ इथे लक्षात ठेवा. प्रतिनिधीचा अधिकार संपल्याचं त्याला स्वतःला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही, आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या माणसाला कळेपर्यंत त्या माणसापुरता संपत नाही. कपाटातल्या ‘हिअरबाय’ची बातमी बँकेला नसेल आणि बँकेने जुन्या मुखत्यारपत्रावर विश्वास ठेवून पैसे दिले, तर तो व्यवहार तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

म्हणून क्रमाने करा. मुखत्यारपत्र नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा, आणि त्यात मूळ दस्ताचा क्रमांक व तारीख लिहा. मुखत्याराला स्पीड पोस्टाने प्रत पाठवा, पोचपावती जपून ठेवा. ज्या ज्या ठिकाणी ते मुखत्यारपत्र दाखवलं गेलं असेल, म्हणजे बँक, सोसायटी, वीज कार्यालय, भाडेकरू, तिथे तिथे प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. मूळ मुखत्यारपत्र परत मागा. त्याच्या साक्षांकित नकला कुणाकडे आहेत तेही विचारून लिहून ठेवा, कारण मूळ तुमच्या हातात आलं तरी एखादी नक्कल दुसऱ्या फायलीत पडून असते.